डिट्टो मंदा

आमच्या घरात इंग्रजी म्हणून मिरवणारा शब्द एकच होता, आणि तो बाबांनी कारखान्यातून आणला होता. तसे स्टोव्ह, टाइम, ग्लास हे शब्द होतेच, पण ते इंग्रजी आहेत हे आमच्या गावीही नव्हतं. डिट्टोचा थाट वेगळा. बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात पत्र्याच्या डब्यांची झाकणं दाबून काढायच्या मशीनवर होते. एका साच्यातून दिवसभर झाकणं पडत राहायची. तपासायला येणारा साहेब नमुन्याचं झाकण एका हातात आणि नुकतं पडलेलं दुसऱ्या हातात धरून बघायचा. जुळलं की "डिट्टो" म्हणून पुढे जायचा, आणि नाही जुळलं तर तोंडातून चकार शब्द न काढता ते भंगाराच्या पेटीत भिरकावायचा. बाबांना साहेबाकडून आयुष्यभरात शाबासकी मिळाली असेल ती एवढीच, म्हणून मग त्यांनी ती घरी आणून सगळ्यांना वाटली. आये विचारायची, "आज जेवूक काय करू?" बाबा म्हणायचे, "डिट्टो काल." शेजाऱ्यांचा गणपती बघून आले की, "मूर्ती झकास, डिट्टो गेल्या वर्षीसारखी." तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं मनासारखं जमलं की पहिला घास घेऊन डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "डिट्टो आमच्या आवशीच्या हातचं." यापुढे कौतुक नाही. आयेला तर शेवटपर्यंत वाटत होतं की हा शब्द आपल्या मालवणीतलाच, आपल्याला कसा काय ठाऊक नव्हता एवढंच.

आताची पोरं 'सेम टू सेम' म्हणतात, नाहीतर 'कॉपी पेस्ट'. माझी नातसून मोबाइलवर कुणाकुणाचे फोटो दाखवते आणि म्हणते, बघा आजी, कॉपी पेस्ट. मी हसते. पण डिट्टोचं एक वाईट आहे, ते त्या नव्या शब्दांत नाही असं मला वाटतं. डिट्टो हा शब्द एकट्याने कुणी उच्चारला तर त्याला काडीचा अर्थ नसतो. समोरचा लगेच विचारणार, कोणासारखं? आधी कोणीतरी असावं लागतं, मग डिट्टो. आणि आमच्या घरात आधी होती ती मंदाताई.

मंदाताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. मधला एक भाऊ पाळण्यातच गेला, त्यामुळे आम्ही दोघीच. तेच नाक, तीच जिवणी, हसताना डावा डोळा जरा बारीक व्हायचा तोसुद्धा दोघींचा. आवाज इतका सारखा की आये स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून हाक मारायची आणि ओ कुणी दिली ते तिला बाहेर येऊन बघावं लागायचं. आमची बैठी चाळ डोंगराच्या बाजूला होती, मागे दगडाची खाण. दुपारी सुरुंग उडाला की भिंतीवरची भांडी किणकिणायची. नळावर पाण्याला उभी राहिले की बायका म्हणायच्या, "मंदे, तुझी कळशी तर मघाशीच भरली ना गं?" मी म्हणायची, "मी प्रभा." मग ठरलेलं, "अय्या, डिट्टो गं डिट्टो!" शाळेत बाईंनी पहिल्याच दिवशी मला बघून तेच म्हटलं. शिंप्याकडे गेलं की तो माप घ्यायची टेपसुद्धा उचलायचा नाही. "बहिणीचं तीन वर्षांपूर्वीचं माप आहे माझ्या डोक्यात, डिट्टो शिवतो." आणि मेला शिवायचाही तसाच, एक टाका इकडचा तिकडे नाही. माझा संताप संताप व्हायचा. लोकांना वाटायचं, बहीण इतकी देखणी, हिला कौतुक वाटत असेल. कसलं कौतुक! माणूस आपल्या तोंडाकडे बघतोय आणि त्याला दिसतंय दुसरंच कुणी, यात कौतुक ते काय?

तो शब्द मला कधीच लावला नाही अशी अख्ख्या चाळीत एकच व्यक्ती होती, आणि ती म्हणजे मंदाताई स्वतः. उलट कुणी म्हटलं की फटकन बोलायची, "काय डिट्टो डिट्टो लावलंय हो? हिला गणित येतं. माझं डोकं बेरीज मांडताना बंद पडतं. हिला कारल्याची भाजी लागते, मला बघवत नाही. कुठून आली डिट्टो?" तिला माझ्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी माहीत होत्या. मला ढग गडगडले की भीती वाटत नाही पण पाल दिसली की मी किंचाळते, मी वाचताना ओठ हलवते, मला घावणा कडेला जळका लागतो. सकाळी घावणे घालायला ती बसली की माझा मुद्दाम जरा जास्त वेळ तव्यावर ठेवायची. आये ओरडायची, "जाळलंस मगो तो!" ती म्हणायची, "प्रभाचा आहे तो." एवढंच वाक्य. पण मला त्या घरात 'प्रभाचा' असं काही असल्याचं तिच्यामुळे कळायचं.

तिचं लग्न बोरीवलीला झालं. मुलुंड आणि बोरीवलीच्या मधे नुसता डोंगर. कावळ्याला जायचं तर एका दमात पोचेल, पण आम्हाला दादरपर्यंत जाऊन वळसा घालून यावं लागायचं. भाऊजी म्युनिसिपालटीत पाण्याच्या खात्यात. सरळ माणूस, कमी बोलणारा, चहा बशीत ओतून अजिबात आवाज न करता पिणारा. घरात फक्त त्यांची आई. त्यांना मी तेव्हा काकी म्हणायची. त्यांनी मंदाताईला सून म्हणून कधी वागवलंच नाही, लेकीसारखं म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. लग्नात आमच्याकडे नवऱ्याने बायकोचं नाव बदलायची रीत. ताटात तांदूळ पसरायचे, लक्ष्मीपुढे ठेवायचे, आणि नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. मग साखर वाटून सगळ्यांना सांगायचं. भाऊजींनी लिहिलं, शुभांगी. मंदाताई पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मी चिडवत होते, "काय शुभांगीबाई, चहा घेणार?" तर ती म्हणाली, "प्रभे, नवं नाव नव्या साडीसारखं टोचतं गं. पण त्यांनी इतकं जपून लिहिलं ना, एक एक अक्षर, की मला आवडलं." दोन वर्षांत तिला मुलगी झाली. तिला सगळे बेबीच म्हणायचे.

पुढचं मला लांबवायचं नाही. कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग डॉक्टर, मग हॉस्पिटल. डोळे हळदीसारखे झाले आणि शेवटी शेवटी ती ओळखेनाशी झाली. मलासुद्धा. सगळं जग मला बघून गोंधळायचं, ती एकटी कधी गोंधळली नव्हती, आणि त्या दिवशी ती माझ्याकडे बघत होती आणि तिला मी कोण ते कळत नव्हतं. त्या वेळी माझ्या आतलं जे काय तुटलं ते मग कधीच सांधलं नाही. बेबीला तेव्हा नुकते शब्द फुटत होते.

बाराव्याला आम्ही बोरीवलीत होतो. घर माणसांनी भरलेलं. मी मागच्या मोरीजवळ मोठं पातेलं विसळत होते, ते हातातून सुटलं आणि माझं सगळं पातळ खरकट्या पाण्याने भिजलं. बदलायला दुसरं आणलं नव्हतं. काकींनी ट्रंक उघडली आणि मंदाताईचं एक घरात नेसायचं पातळ काढून दिलं. फिक्कं निळं, बारीक चौकटीचं. त्यांच्या मनात काही नव्हतं, माझ्याही नव्हतं. ओल्या कपड्यात पोर आजारी पडेल एवढंच. ते नेसून, केसांचा आंबाडा घालून मी बाहेरच्या खोलीत आले. बेबी कुणाच्या तरी मांडीवर किरकिरत होती. तिने मान वळवली, माझ्याकडे बघितलं, दोन्ही हात पसरले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई!"

मी तिला उचललं, आणखी काय करणार? ती माझ्या गळ्याला मिठी मारून बसली आणि तिचं रडं थांबलं. भाऊजी भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी एकदा वर बघितलं आणि उठून बाहेर गेले. आणि मग कुठल्यातरी बाईने तोंडाला पदर लावून म्हटलं, "अगदी डिट्टो मंदा गो!" तो शब्द आमच्या घरातून निघून बोरीवलीपर्यंत कसा पोचला कोण जाणे, बहुतेक मंदाताईच्या बोलण्यातून. दुसरी म्हणाली, "देवानेच दाखवलं." तिसरी आयेच्या कानाला लागली. मी तिथेच, पोर कडेवर घेऊन, समजले. माझा निकाल लागला होता. लागला होता तो एका दीड वर्षाच्या पोरीच्या चुकीने, आणि तिच्यावर मी रागावणार तरी कशी? तिला आई हवी होती, तिला दिसली.

मला तेव्हा शिक्षिकेच्या ट्रेनिंगला नंबर लागला होता. आमच्या चाळीतून तिथवर पोचलेली मी पहिली मुलगी. मंदाताईनेच मला फॉर्म भरायला पिटाळलं होतं. घरी विषय निघाला तेव्हा मी आधी खूप आदळआपट केली. म्हटलं, बेबीला मी इथे आणून सांभाळते, जन्मभर सांभाळते, पण मला लग्न करायचं नाही, त्या घरात तर नाहीच. आये चुलीपुढे बसली होती, पेज ढवळत. ती ओरडली नाही, तेच वाईट. म्हणाली, "उद्या दुसरी कोण तरी येतली त्या घरात. माज्या मंदाचा चेडू तिच्या हाताखाली वाढतला. ता माका बघवाचा नाय गो." मग माझ्याकडे न बघता, "आणि तू थंय गेलंस तर माका वाटात, मंदाच असा आपल्या घरात." मी रडले. बाबा ओट्यावर बसून होते, त्यांना आत सगळं ऐकू येत होतं.

हो म्हणायला मी आठ-दहा दिवस घेतले. ट्रेनिंगचं "लग्नानंतर कर की" असं सगळे म्हणाले, आणि ते होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. एकच गोष्ट मी मागितली. बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "माझं नाव बदलायचं नाही. प्रभाच ठेवायचं. त्यांना तसं आधी सांगा आणि कबूल करून घ्या." बाबांना त्याचं महत्त्व कळलं असावं. कारण त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, पुढच्याच रविवारी मुद्दाम बोरीवलीला गेले. परत आले ते हातपाय धुवायच्या आधी मला म्हणाले, "काम झालं. सासू म्हणाली, प्रभा तर प्रभा, छान नाव आहे. आणि जावई हो म्हणाले. माझ्यासमोर म्हणाले." त्या दिवशी मी किती तरी दिवसांनी पोटभर जेवले. आज हसू येतं. पण खरं सांगते, सगळं गेल्यावर माणूस शेवटी ज्याला धरून बसतो ते किती लहान असतं! माझ्याकडे दोन अक्षरं होती. नवरा तिचा, घर तिचं, मूल तिचं, तोंडसुद्धा तिचंच म्हणा. पण सकाळी कुणी हाक मारली तर ती मला मारलेली असेल, एवढं मी वाचवलं होतं.

बिजवराचं लग्न, आणि घरात मंदाताईचं वर्ष फिरायचंय, म्हणून वाजंत्री नको, हॉल नको. आमच्या चाळीच्या ओट्यावर चार बांबू रोवून वर कापड टाकलं आणि सकाळीच उरकलं. दादरचा वळसा लांबचा, म्हणून बोरीवलीची माणसं मोजकीच. जेवायला वरणभात, काळ्या वाटाण्याची आमटी, वडे आणि शेवयांची खीर. लक्ष्मीपूजन खरं तर सासरी गेल्यावर करतात, पण भटजींना पुढे भांडुपला दुसरं काम होतं, ते म्हणाले, सगळं इथेच आटपून घेऊ. पाट मांडला. ताट आलं. आयेने त्यात तांदूळ ओतले आणि तळव्याने सारखे केले. बायका भोवती वाकल्या. काकींनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढून दिली. मी मान खाली घालून बसले होते, पण मनातून त्या दिवसभरात पहिल्यांदाच जरा सुखात होते. आता लिहितील. प, मग त्याला रफार नाही, खालून तिरकी रेघ, मग भा.

भाऊजींनी अंगठी धरली आणि थांबले. मग लिहायला लागले. जपून, एक एक अक्षर. पहिली रेघ प ची नव्हती, तरी मी स्वतःला समजावलं की उलटं बसल्यामुळे आपल्याला नीट दिसत नसेल. तो श होता. खाली उकार. मग भा, वर टिंब, मग ग आणि त्याची वेलांटी. शुभांगी.

ओट्याच्या कडेला बाबा उभे होते, त्यांचा हात आपोआप पुढे आला तो तसाच हवेत राहिला. काकी म्हणाल्या, "अरे, असं काय केलंस? प्रभा ठरलं होतं ना?" भाऊजींनी ताटाकडे बघितलं. खरंच त्या क्षणी बघितलं, तोवर त्यांचं लक्ष नव्हतंच. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. "आईशप्पथ, मी... मी प्रभाच लिहीत होतो," असं म्हणून हा एवढा मोठा माणूस लग्नाच्या पाटावर ढसाढसा रडायला लागला. मला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण मला हेही दिसत होतं की त्या माणसाला असं ताट आयुष्यात एकदाच माहीत होतं, आणि समोर बसलेलं तोंडही तेच होतं. हाताने जे आधी केलं होतं तेच पुन्हा केलं. पुढे खूप वर्षांनी मी त्यांना एकदा विचारलं. म्हणाले, "मी नाही गं लिहिलं. हातानं लिहिलं."

मी माझ्या लग्नात फक्त एकदा तोंड उघडलं. म्हटलं, "पुसा आणि परत लिहा." मोठ्याने म्हटलं, सगळ्यांनी ऐकलं. काकींनी हात पुढे केलासुद्धा, देव त्यांचं भलं करो. पण भटजी म्हणाले, "छे छे, लक्ष्मीपुढे लिहिलेलं सौभाग्यवतीचं नाव पुसायचं नसतं. एकदा लिहिलं ते लिहिलं." आधीच त्या घरातली एक सौभाग्यवती गेलेली. त्यात पुन्हा नाव पुसायचं? काकींचा हात मागे गेला. बायकांनी चुकचुकत मान डोलावली. आणि मग सगळ्यांना जरा हायसं वाटायला हवं म्हणून की काय, कुणीतरी म्हणालं, "बरंच झालं की! बेबीच्या आईचं नाव बदललंच नाही म्हणायचं." दुसरी म्हणाली, "डिट्टो." साखरेची वाटी फिरली. मी बाबांकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि साखर तोंडात टाकली. दुसरं काय करणार होते ते? कारखान्यातला तो साहेब असता तर त्याने मला पास केलं असतं.

मी तेव्हा रडले नाही. मला आत काहीच वाटेनासं झालं होतं. जेवणं झाली, पानसुपारी झाली. बेबी माझ्या मांडीवर झोपली होती, तिच्या तोंडाला खिरीचा ओघळ होता, तो मी पदराने पुसला. टॅक्सी आली. चाळीतल्या बायका ओळीने उभ्या राहिल्या. नव्या नावाने हाक मारून बघायचा चेष्टेचा सूर असतो ना लग्नात, तोही कुणी लावला नाही. सगळ्यांना घाई झाली होती की आता हे एकदाचं मार्गी लागावं. मी आत बसले, शेजारी ते, त्यांच्या पलीकडे काकी. बेबी माझ्या खांद्यावर.

आये खिडकीशी आली. सकाळपासून ती कामात होती, माझ्याकडे तिने नीट बघितलंच नव्हतं. आता बघितलं. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, खांद्यावर पोर. तिने आत हात घालून माझ्या गालावर ठेवला. हाताला अजून खोबऱ्याचा वास होता.

"मंदा," ती म्हणाली, "सांभाळून रव गो बाय."

बाबा मागेच होते. ते पुढे झाले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अगो, प्रभा ती. प्रभा."

आयेने मान हलवली. तिला माहीत होतं. ती चुकली नव्हती, तिचं डोकं ठिकाणावर होतं, मी कोण आहे ते तिला बाबांइतकंच स्वच्छ कळत होतं. आधीच्या वेळी आपण लेकीला पाठवलं ते मरायला, आता तिला एकदा नीट पाठवायचं होतं. त्यासाठी तिला ती लेक हवी होती, आणि तिच्याजवळ मी होते. तिने माझ्या गालावरचा हात काढला नाही. माझ्याकडे बघत, वाट बघत, ती पुन्हा म्हणाली, "मंदा."

मी ओ दिली.